पोटऱ्यांचं कौतुक

थंडी पडायला लागली की संध्याकाळी कसबा बावड्याच्या बाजूनं साखर कारखान्याच्या मळीचा वास येतो. परगावचा माणूस नाकाला रुमाल लावतो आणि विचारतो, "काय कुजलंय हे?" आम्हाला मात्र त्या वासानं ट्रंकेतले स्वेटर आठवतात. ऊस तुटायला लागला, जत्रा जवळ आल्या, तालमीतली पोरं खुराकाला लागली, हे सगळं त्या एका वासातच कळतं. यंदाही तो आला आणि मी उठून खिडकी लावून घेतली. दरवर्षी लावते. नवऱ्याला वाटतं, मला सर्दीचा त्रास आहे.

आज पोराला घेऊन दुधाच्या कट्ट्यावर गेले होते. आमच्याकडं अजून संध्याकाळी म्हशी रस्त्याच्या कडेला आणून उभ्या करतात, समोर धार काढतात आणि फेसाळ दूध पेल्यात घालून हातात देतात. ईशान तीन वर्षांचा आहे. चड्डी घालून, ओठांवर फेसाची मिशी घेऊन उभा होता. शेजारी एक म्हातारा, फेटा बांधलेला, कान कुस्तीनं चुरगळलेले. त्यानं पोराकडं वरून खाली बघितलं, खाली वाकला आणि पोराची पोटरी चक्क मुठीत धरली.

"ताई, पोरगं कुणाचं?"

"माझंच."

"पोटऱ्या बघा की ओ ह्याच्या! दगड हाय दगड! नाद खुळा! तालमीत घाला ह्याला, उगं शाळंत घालून वाया घालवू नगासा."

चार माणसं हसली. गवळ्यानं खूश होऊन ईशानच्या पेल्यात आणखी फेस घातला. पोरानं छाती पुढं काढली. मी त्याला उचललं, अर्धा पेला तसाच कट्ट्यावर ठेवला आणि चालायला लागले. मागनं म्हातारा ओरडत होता, "आवो ताई, रागावला व्हय? चांगलंच बोललो की!"

चांगलंच बोलला होता बिचारा. कोल्हापुरात पोराचं तोंड बघायच्या आधी पाय बघतात, त्यात त्याचा काय दोष? आणि मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. खात्यापित्या घरच्या तीन वर्षांच्या पोराच्या पोटऱ्या गुबगुबीत असतातच, हे मला कळत नाही का? कळतं. घरी येईपर्यंत मी स्वतःला तेवढंच पढवत होते.

भीती कसली ते सांगूनच टाकते. उगीच ताणत बसायचा माझा स्वभाव नाही. माझा धाकटा भाऊ रणजित अठरा वर्षांचा होऊन गेला. त्याच्या पोटऱ्यांचं असंच कौतुक झालं होतं. त्याचा आजार बायका वाहून आणतात आणि मुलगे भोगतात. आईकडनं तो माझ्याकडं आलाय की नाही, मला माहीत नाही. आला असेल तर माझ्याकडनं ईशानकडं गेलाय की नाही, तेही माहीत नाही.

नव्वदच्या दशकातली ती थंडी. मी सातवीत, रणजित पाच वर्षांचा. शिवाजी पेठेत आमचं घर आणि हाकेच्या अंतरावर तालीम. आबा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी तिथंच घडलेले. पाठ दुखावली आणि त्यांची कुस्ती सुटली, पण डोक्यातनं काही ती गेली नाही. एका रविवारी तालमीचे वस्ताद आमच्याकडं चहाला आले. रणजित त्यांच्यासमोर उघड्या पायांनी नाचत होता. वस्तादांनी त्याला ओढून मांडीशी घेतलं आणि दोन्ही पोटऱ्या दाबून बघितल्या.

"आरं तिच्या! ह्यो तर वरनंच घडवून आल्यालाय. आप्पा, कुठं लपवून ठेवलतासा ह्याला? उद्यापास्नं माझ्याकडं धाडायचा."

आबांना वस्ताद आप्पा म्हणायचे. आबांचा चेहरा त्या दिवशी मी जसा बघितला तसा नंतर कधीच बघितला नाही. स्वतःचं सुटलेलं सगळं कुणीतरी परत आणून दिल्यासारखा. आई पोह्यांच्या बश्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. वस्ताद तिला म्हणाले, "वैनी, पोहं कसलं आणताय, पेढं आणा की!" आई हसली नाही. बश्या घेऊन तशीच आत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. मला भूक लागली होती म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं. पोहे गार झाले होते.

मग सुरू झाला खुराक. सकाळी उजाडायच्या आत आबा कुंडीत बदाम, खसखस, बडीशेप, मिरी घालून थंडाई घोटायला बसायचे. लाकडी दांड्याचा तो घर्रघर्र आवाज म्हणजे आमच्या घरचा गजर. रणजितला पेलाभर थंडाई, तुपात भिजलेला शिरा, संध्याकाळी कट्ट्यावरचं दूध. मला कुंडीच्या कडेचं बोटानं चाटायला. पोरीला डोकं चालवायला बदाम लागत नाहीत असं आमच्या घरचं शास्त्र होतं. मी जळायचे, अगदी जळून खाक व्हायचे. एकदा त्याच्या पेल्यातली अर्धी थंडाई पिऊन टाकली तर तो म्हणाला, "पी की अक्का, मला कुठं जाते सगळी." असा होता तो.

तालमीत बायकांनी जायचं नसतं. रणजितला घरी आणायला जायचे तेव्हा मी बाहेर चपलांच्या ढिगाशी उभी राहायचे आणि दारातनं आत बघायचे. आत लाल माती. तेल, ताक, हळद, कापूर घालून मळलेली, उकरली की तिचा वास थेट घशात जायचा. मोठी पोरं जोर मारत असायची आणि कडेला लहान पोरांची बैठकांची रांग. सगळी पोरं खाली जायची आणि चेंडूसारखी वर यायची. रणजित खाली जायचा आणि तिथंच राहायचा. मग दोन्ही हात मातीत टेकवायचा, ढुंगण वर करायचा, एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा आपल्याच पायांवरनं हातांनी चढत चढत तो उभा राहायचा.

"हात टेकू नगंस! हात न टेकता ऊठ!" वस्ताद ओरडायचे. पोरं खिदळायची, "म्हातारं आलं, म्हातारं आलं!" रणजितही त्यांच्यात हसायचा. पाठीला हात लावून म्हाताऱ्याची नक्कल करायचा. वस्ताद म्हणायचे, अंग आळशी आहे, दहा बैठका वाढवा. वाढवल्या. घरी आला की त्याचे पाय दुखायचे आणि आई कोमट तेलानं चोळायची. चोळताना ती पायांकडं बघायची नाही. भिंतीकडं बघत चोळायची.

त्या पायांत काय चाललं होतं ते मी आता दरवर्षी फळ्यावर काढते. माणसाची सुरुवात एका पेशीपासून होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. सुरुवातीच्या त्या पेशींना काहीही होता येतं, हाड, कातडी, मेंदू, स्नायू. त्या मूळ पेशी. पुढं कुठल्याही पेशीत डोकावा, डीएनएची तीच पूर्ण प्रत असते. मुलं विचारतात, मग मॅडम, नखाची पेशी नख आणि हृदयाची पेशी हृदयच का होते? मी म्हणते, तुझ्या आईला शंभर पदार्थ येतात, म्हणून ती रोज शंभर करते का? रविवारी तांबडा-पांढरा, होळीला पुरणपोळी. पेशीचंही तसंच. जनुकं सगळी असतात, पण जिथं ज्याचं काम तिथं तेवढंच जागं होतं. बाकीची गप्प पडून असतात. वर्ग हसतो. तांबडा-पांढरा म्हटल्यावर कोल्हापूरचा वर्ग हसणारच.

रणजितच्या एका जनुकात चूक होती. ती त्याच्या अंगात सगळीकडं होती. नखाखाली होती, केसाच्या मुळाशी होती, मला चिडवताना बाहेर काढायचा त्या जिभेच्या टोकावर होती. नखात, केसात त्या जनुकाला कुणी उठवतच नाही, म्हणून तिथं काही बिघडलं नाही. स्नायूत मात्र त्याला रोज उठावं लागतं. त्याच्यावरनं एक प्रथिन बनतं आणि ते प्रथिन, स्नायू आवळला की त्याचं आवरण फाटू देत नाही. रणजितकडं ते बनतच नव्हतं. म्हणजे बैठक मारली की आत फाटणार. उठला की फाटणार. नुसता जिना चढला तरी फाटणार. आणि आम्ही दहा बैठका वाढवत होतो हो!

स्नायूंच्या कडेला थोड्या मूळ पेशी राखून ठेवलेल्या असतात. आमच्या पेठेत फुटबॉलचं वेड, तेव्हा मी मुलांना सांगते, बाकावर बसलेले राखीव खेळाडू समजा. कुठं फाटलं की त्या धावतात, सांधतात. रणजितच्या पायांत त्या रोज धावत होत्या. पण त्यांच्यातही डीएनए तोच, चूकही तीच. त्यांनी सांधलेलं परत फाटत होतं. शेवटी बाक रिकामा होतो. मग फाटलेल्या जागी चरबी भरते, चिवट धागे भरतात आणि पोटरी फुगते, हाताला टणक लागते. वस्तादांच्या मुठीत त्या रविवारी तेच आलं होतं. मुंबई-पुण्यात असता तर आईबाप म्हणाले असते, पोरगं सारखं पडतंय, दाखवून आणू. आम्ही पेढे वाटले.

त्याच थंडीत, माघात, एका गावच्या जत्रेत लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या होत्या. जिंकणाऱ्याला नारळ आणि टाळ्या. आबांनी रणजितला नवा लाल लंगोट शिवून घेतला होता. आई आणि मी लांब बायकांच्या घोळक्यात एका बैलगाडीवर उभ्या होतो. हलगी कडकडत होती. रणजित मैदानात आला, माती कपाळाला लावली आणि ऐटीत मांडीवर शड्डू ठोकला. त्या स्वतःच्याच शड्डूच्या झटक्यानं तो खाली बसला. समोरच्या पोरानं अजून हात पुढं केला नव्हता.

सगळं मैदान हसलं. मग तो उठायला लागला. हात मातीत, हात गुडघ्यावर, हात मांडीवर. हलगीवाल्याला वाटलं पोरगं गंमत करतंय, त्यानं प्रत्येक हाताला एक ठोका द्यायला सुरुवात केली. लोक टाळ्या वाजवायला लागले. रणजितही हसला, पुन्हा तोल जाऊन बसला, पुन्हा चढायला लागला. तिसऱ्या वेळेला तो हसत नव्हता. हलगीवाल्याच्या ते लक्षात आलं आणि त्यानं हलगी थांबवली. मी आईकडं बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले होते.

डॉक्टरांना काही शोधावं लागलं नाही. त्यांनी त्याला फरशीवर बसवलं, "ऊठ बाळ" म्हणाले, तो उठला आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग पोटऱ्या दाबल्या, रक्त तपासलं, पण तोंडावरनं कळत होतं. आबांना म्हणाले, दहाबारा वर्षांचा होईपर्यंत चालेल, पुढं बसून राहावं लागेल, त्याच्या पुढचं आत्ता बोलायला नको. आबा म्हणाले, "आवो, पर वस्ताद म्हणल्यात..." डॉक्टरांनी आईला विचारलं, "तुमच्या माहेरी कुणाला असं होतं का? भावाला? मामाला?"

आई म्हणाली, "न्हाय."

आणि तिनं माझ्या पायांकडं बघितलं. माझ्या पायांत पैंजण होते. आईचं माहेर हुपरी, तिथं घरोघरी चांदीचं काम. ते पैंजण आईच्या थोरल्या भावानं तिच्यासाठी केले होते, नंतर ते माझ्याकडं आले. सीमेकडच्या रिवाजानं ती त्याला अण्णा म्हणायची. तो माझ्या जन्माच्या आधीच तापानं गेला, एवढंच आम्हाला सांगितलेलं.

वस्तादांनी त्यानंतर कुणाच्या पोराच्या पायाला हात लावला नाही. रणजितला मात्र ते रोज उचलून तालमीच्या कट्ट्यावर नेऊन बसवायचे. तिथं बसून तो सगळ्यांना शिव्या द्यायचा, डाव सांगायचा. पुढं चाकाच्या खुर्चीत बसून फुटबॉलच्या मैदानावर जायला लागला. त्याच्या आवाजाला पेठेतले खेळाडू टरकून असायचे. "आरं पाय हायत तर पळ की खुळ्या!" हे तो म्हणायचा तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं गप्प व्हायची आणि तो मुद्दाम पुन्हा म्हणायचा.

बी.एस्सी.ला असताना एके दिवशी वर्गात हा आजार शिकवायला घेतला. सरांनी फळ्यावर घराण्याचा तक्ता काढला, मुलींसाठी गोल, मुलांसाठी चौकोन. समजायला सोपं आहे. बाईकडं एक्स गुणसूत्रं दोन. समजा दोन बांगड्या, एक धड, एक पिचलेली. धड असलेली सांभाळून घेते, बाईला काही होत नाही. मूल झालं की दोनातली एकच द्यायची, आणि कुठली ते तिच्या हातात नाही. मुलाला आईकडनं एकच मिळते. पिचलेली मिळाली तर सांभाळायला दुसरी नाही. मी वहीत आमचं घर काढलं. रणजितचा चौकोन भरला. मग आईच्या शेजारी अण्णामामाचा चौकोन काढला आणि पेन तिथंच थांबलं. तो पैंजण का करायचा? बसून. दिवसभर बसून पैंजणाला घुंगरू लावायचा, असं आई सांगायची. पोरं नदीवर जायची तेव्हा तो काय करायचा? बसून घुंगरू लावायचा.

घरी गेले. आई चपात्या लाटत होती. मी दप्तरही न ठेवता विचारलं, "आई, अण्णामामाच्या पोटऱ्या कशा होत्या गं?"

लाटणं थांबलं. तव्यावरची करपलेली चपाती तिनं खाली काढली.

"रणजितवानी," ती म्हणाली.

मी भडकले. नको नको ते बोलले. "तुला ठाऊक होतं! वस्ताद पोटऱ्या दाबत होते तेव्हा ठाऊक होतं! एवढ्या बैठका काढून घेतल्या पोराकडनं आणि तू तेल चोळत बसलीस?" आईनं पदर तोंडाला लावला.

"सगळी हासत हुती गं. तुझा आबा किती वर्सांनी हासला हुता. माझ्या तोंडानं कसं सांगू? मला वाटलं, आपण बोललं की खरं हुतंय. न्हाय बोललं तर कदाचित..."

पुढं सगळीकडं मूळ पेशींचा बोलबाला झाला. पेपरात रोज काहीतरी यायचं. मूळ पेशी टोचल्या की लुळे चालतात, आंधळे बघतात. आबांनी कात्रणं कापून उशीखाली ठेवली. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यानं सांगितलं, मुलाच्या कमरेच्या हाडातनं मूळ पेशी काढू आणि त्याच्याच स्नायूंत सोडू. मी घसा फोडून सांगितलं, आबा, चूक त्याच्या हाडातल्या पेशींतही आहे, नुसतं एका खोलीतलं सामान दुसऱ्या खोलीत ठेवून काय होणार? आबा गरजले, "तुझं शिक्षण तुझ्यापाशी ठेव!" तेव्हा खुर्चीतनं रणजित म्हणाला, "आबा, माझंच मला परत देणार हायत व्हय? मग ऱ्हाऊ दे की. माझं मला पुरं झालं." आबा उठून मोरीत गेले आणि तोंड धुतल्याचा आवाज खूप वेळ येत राहिला.

श्वासाला लागणारे स्नायू हेही स्नायूच. हृदयसुद्धा. थंडीचे दिवस होते, मळीचा वास होता, त्याला खोकला झाला आणि तो खोकला बाहेर काढायची ताकद अंगात नव्हती. एवढंच लिहिते. त्याहून जास्त माझ्यानं लिहवत नाही.

तोवर माझं लग्न झालं होतं. नवऱ्याला मी सगळं आधीच सांगितलं होतं. तो भला माणूस, म्हणाला, "बघू की, काय व्हत न्हाय." ईशान झाला तेव्हा नर्स दारातनं ओरडली, "मुलगा!" सगळे हसले. आई माझ्या उशाशी उभी होती. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

तो चालायला लागल्यापासून मी रोज संध्याकाळी चेंडू पलंगाखाली ढकलते. ईशान पालथा पडून तो काढतो आणि उठतो, आणि मी त्याचे हात बघते. नवऱ्याला वाटतं मी पोराला गोलकीपर करणार आहे. रक्ताची एक साधी तपासणी असते, कोल्हापुरात कुठंही होते. स्नायू फाटत असले की त्यांतलं रक्तात उतरतं, पोर धडधाकट दिसत असतानाही आकडा चढलेला असतो. हे मीच वर्गात सांगते. पण तीन वर्षांत माझा पाय तिकडं वळला नाही. एवढी शिकले आणि शेवटी आईचीच लेक निघाले, न बोललं तर खरं होणार नाही म्हणणारी.

तर आज कट्ट्यावरनं मी तशीच तरातरा घरी आले. आई आमच्याकडं आलेली आहे, मेथी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. म्हातारा, पोटरी, दगड. आईनं हातातली जुडी खाली ठेवली.

"इशू, हिकडं ये. बस खाली. मांडी घाल."

ईशान बसला.

"आता ऊठ बघू."

तो उठला. टुणकन उठला. हात कुठंच टेकला नाही, गुडघ्यावर नाही, जमिनीवर नाही. वर एक उडी मारून दाखवली. माझ्या तोंडातनं हसू फुटलं आणि त्याबरोबर रडू. "आई, बघितलंस? हात टेकला नाही! बघितलंस ना गं?"

आई हसली नाही.

"रणजितबी तीन वर्साचा हुता तवा असाच उठायचा," ती म्हणाली.

खिडकी उघडी राहिली होती. मळीचा वास घरभर झाला होता. आईनं मेथीचे हात पदराला पुसले आणि माझ्याकडं सरळ बघितलं. "उद्या सकाळी रगत तपासायला जाऊ. मी येते संगं. ह्या वक्ताला मी गप बसायची न्हाय."

मी मान हलवली. खाली बघितलं तर ईशान केव्हाच पुन्हा मांडी घालून बसला होता. दोघी एवढं टक लावून बघतायत म्हणजे आपण काहीतरी भारी केलंय, असं त्याला वाटलं असणार. खुशीत त्यानं तोंड वर केलं.

"आज्जी, परत उठू?"